शिकागोचे गावकूस

शिकागोला जाऊन आलेल्या आपल्याकडील माणसांच्या तोंडून, आणि तिथे तीसचाळीस वर्षे संसार थाटून बसलेल्या आपल्या सुविद्य बांधवांच्या बैठकींतूनही, एक विधान इतक्या सहजपणे व इतक्या निःशंक स्वरात उच्चारले जाते की त्याला पुरावा मागण्याचे कोणाच्याही मनात येत नाही. विधान असे, की मिशिगन सरोवराच्या काठी वसलेली ही नगरी उत्तरेस व मध्यभागी भव्य, नीटनेटकी आणि उद्यमशील आहे. परंतु दक्षिणेस आणि पश्चिमेस कृष्णवर्णीयांच्या ज्या वस्त्या मैलोगणती पसरल्या आहेत त्या ओसाड, गलिच्छ व भयप्रद झाल्या असून ही दुर्दशा तेथील रहिवाशांनी आपल्याच हातांनी ओढवून घेतली आहे. या विधानाला दोन जोडविधाने नेहमी चिकटलेली असतात. एक असे, की माणसे स्वभावतःच आपल्यासारख्यांच्या शेजारी राहू इच्छितात, तेव्हा गोऱ्यांची आळी निराळी आणि काळ्यांची निराळी यात नवल ते काय. आणि दुसरे असे, की पोलिश आले, आयरिश आले, झेक आले, आम्ही स्वतः आलो, सर्वांनी कष्ट करून घरे उभी केली, मग यांनाच कसली अडचण होती? नव्याने येणाऱ्या पाहुण्याला विमानतळावरून घरी नेतानाच दक्षिणेकडे न फिरकण्याविषयी बजावले जाते, आणि पाहुणा परत येऊन तेच आपल्या वाचकांना सांगतो.

हे विधान असत्य आहे. अपुरे किंवा एकांगी अशी मवाळ विशेषणे लावून त्याची बोळवण करणे मला मान्य नाही. कारण ज्या व्यवहाराची नोंद सरकारी दप्तरांत, न्यायालयांच्या निकालपत्रांत आणि असंख्य खरेदीखतांत शाईने लिहून ठेवलेली आहे, त्याविषयी चौकशी न करता एका विशाल जनसमूहाच्या चारित्र्यावर निवाडा देणे हा अन्याय होय. शिकागोतील वर्णभेदी वस्तीरचना कोणाच्या आवडीनिवडीतून उगवलेली नाही. ती आखली गेली, करारबद्ध केली गेली, नोंदवली गेली, आणि ती ओलांडू पाहणाऱ्यांविरुद्ध दगड, बाँब व कोर्टाचे हुकूम यांच्या बळावर अर्धशतकाहून अधिक काळ राखली गेली.

ज्या शहरात कृष्णवर्णीय हे मागाहून येऊन घुसलेले लोक समजले जातात, त्या शहराच्या जागी मूळच्या आदिवासी जमातींखेरीज कायमचे घर करून राहिलेला पहिला गृहस्थ जाँ बाप्तीस्त प्वँ द्यु साबल हा स्वतः कृष्णवर्णीय होता. अठराव्या शतकाच्या शेवटी शिकागो नदीच्या मुखाशी त्याने मांडलेला पसारा 1800 साली विकला गेला, तेव्हा विक्रीपत्राच्या यादीत घर, कोठारे, घोड्यांवर चालणारी गिरणी, भटारखाना, दुग्धालय अशा वस्तू होत्या. म्हणजे तो भटका शिकारी नव्हता, घरदार असलेला संपन्न व्यापारी होता. आज सरोवराकाठच्या ज्या रमणीय हमरस्त्याचे आमचे प्रवासी तोंडभर कौतुक करतात, त्याला 2021 पासून त्याचेच नाव आहे.

त्याच्यानंतर शतकभराने दक्षिणेतील संस्थानांतून जो लोंढा आला त्याला त्या देशाच्या इतिहासात महास्थलांतर म्हणतात. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले, शिकागोच्या कत्तलखान्यांना व पोलाद कारखान्यांना हात हवे होते, आणि रॉबर्ट अ‍ॅबट यांनी 1905 साली काढलेले ‘शिकागो डिफेंडर’ हे वृत्तपत्र आगगाडीच्या शयनयानांवर काम करणारे कृष्णवर्णीय नोकर गुपचूप मिसिसिपी-लुइझियानापर्यंत पोहोचवीत होते. मोकळेपणाने जगता येईल, मुलांना शाळा मिळेल, मताचा हक्क बजावता येईल, या आशेने माणसे इलिनॉय सेंट्रल रेल्वेत बसली. शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या 1910 मध्ये सुमारे 44 हजार होती, ती 1920 मध्ये 1 लाख 9 हजार आणि 1930 मध्ये 2 लाख 33 हजारांवर गेली. माणसे इतकी वाढली, जागा मात्र त्या मानाने वाढू दिली गेली नाही. स्टेट स्ट्रीटच्या दोहो अंगांना दक्षिणोत्तर पसरलेला एक चिंचोळा पट्टा, पश्चिमेस वेंटवर्थ अ‍ॅव्हेन्यूची हद्द, पूर्वेस कॉटेज ग्रोव्हची; या हद्दीत त्यांनी राहावे, असा अलिखित, आणि लवकरच लिखित, दंडक झाला. जागा ठरावीक आणि गरजू अमर्याद, अशा वेळी घरमालक काय करतो हे सांगावयास नको. गोऱ्या कुटुंबाला महिना 50 डॉलर भाड्याने दिली जाणारी सात खोल्यांची बिऱ्हाडाची जागा तोडून तिचे सात तुकडे करावयाचे, प्रत्येकात एक छोटी शेगडी आणि एक मोरी बसवावयाची, आणि प्रत्येक तुकडा आठवड्याला 6 डॉलर दराने द्यावयाचा, हा हिशेब कादंबरीकार रिचर्ड राइट यांनी 1941 साली मांडून ठेवला आहे. एका मजल्यावरच्या सर्व बिऱ्हाडांना मिळून एक शौचकूप. या कोंदट खोल्यांतून क्षयाने माणसे मेली. आणि पाहणारे म्हणू लागले, की हे लोकच गलिच्छ.

हद्द ओलांडली की काय होते याचा दाखला 27 जुलै 1919 रोजी मिळाला. सरोवराच्या पाण्यात कुठेही कुंपण नव्हते, तरी 29 व्या रस्त्यासमोर एक अदृश्य रेषा मानली जात असे. यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा मुलगा तराफ्यावर खेळता खेळता त्या रेषेपलीकडे वाहवला, काठावरून दगड आले, आणि तो बुडून मेला. दगड मारणारा दाखवून दिला असताही पोलीस शिपायाने त्याला अटक केली नाही. त्यानंतर आठवडाभर जी दंगल पेटली तीत 38 माणसे मरण पावली, त्यांतील 23 कृष्णवर्णीय व 15 गोरी होती. राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने पुढे दाखवून दिले, की 1 जुलै 1917 ते 1 मार्च 1921 या मुदतीत हद्दीबाहेर राहावयास गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या आणि त्यांना घरे देणाऱ्या दलाल-सावकारांच्या वास्तूंवर 58 वेळा बाँब फेकले गेले. ‘माणसे आपापल्या आवडीने वेगळी राहतात’ असे म्हणणाऱ्याने या आकड्याचा अर्थ लावून दाखवावा. आपल्या लोकांत राहणे ज्याला आवडते त्याला तिथे ठेवण्यासाठी कोणाला बाँब वापरावे लागत नाहीत.

बाँब हा अर्थात सभ्य लोकांचा मार्ग नव्हे. सभ्य लोकांनी वकील गाठले. शिकागोच्या जमीनदलालांच्या मंडळाने 1927 साली एका निर्बंध-कराराचा नमुना तयार करवून घेतला, आणि तो हातात घेऊन मंडळाची माणसे गोऱ्या वस्त्यांतील घरमालकांच्या सभांतून फिरली. हा दस्तऐवज प्रत्येक मराठी वाचकाने एकदा तरी मन लावून वाचावा असा आहे. त्याची भाषा थंड, कायदेशीर, अगदी बिनचूक आहे. सही करणारा मालक स्वतःवर, आपल्या वारसांवर आणि पुढील खरेदीदारांवर असे बंधन घालून घेतो, की ही मिळकत कोणत्याही कृष्णवर्णीयास विकली जाणार नाही, भाड्याने दिली जाणार नाही, वापरावयास दिली जाणार नाही. कृष्णवर्णीय कोणाला म्हणावे, याचीही व्याख्या त्यात आहे: ज्याच्या अंगात एक अष्टमांश वा त्याहून अधिक निग्रो रक्त आहे, असा प्रत्येक इसम. आणि त्याखाली एक अपवाद आहे. इमारतीचा झाडूवाला, मोटारीचा चालक किंवा घरगडी असेल, तर त्याने तळघरात, अथवा मागच्या अंगणातील तबेल्यात वा मोटारखान्यात राहण्यास हरकत नाही! ज्याचा शेजार असह्य, त्याची सेवा मात्र चोवीस तास हवी. वाड्यात नको, परंतु वाड्याच्या मागे हवा. ही व्यवस्था आपण कुठे पाहिली आहे, हे मराठी माणसाला कोणी सांगावयास हवे काय?

या कराराशी ज्याने उघड झुंज दिली त्या कार्ल हॅन्सबेरी यांची हकीकत थोडी सविस्तर सांगतो. हे गृहस्थ आळशी नव्हते, निर्धन नव्हते, अडाणीही नव्हते. घरभाड्याच्या व्यवसायात त्यांनी पैसा मिळवला होता. 1937 साली त्यांनी ऱ्होड्स अ‍ॅव्हेन्यूवर, निर्बंध-कराराखालच्या भागात, रीतसर किंमत मोजून घर घेतले. घराभोवती जमाव जमला, विटा आल्या, आणि एक वीट आठ वर्षांच्या आतल्या त्यांच्या मुलीच्या डोक्याजवळून गेली. शेजाऱ्यांनी फिर्याद लावली, इलिनॉयच्या न्यायालयांनी हॅन्सबेरींना घर सोडण्याचा हुकूम दिला, आणि प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे जे उघडकीस आले ते विशेष होते. करार अमलात येण्यासाठी त्या भागातील रस्त्यालगतच्या 95 टक्के जागेच्या मालकांच्या सह्या आवश्यक होत्या. प्रत्यक्षात सह्या होत्या सुमारे 54 टक्के जागेच्या मालकांच्या. एका जुन्या दाव्यात पुरेशा सह्या झाल्याचे खोटेच गृहीत धरले गेले होते, आणि त्या गृहीतावर वर्षानुवर्षे कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवले गेले होते. 1940 साली निकाल हॅन्सबेरींच्या बाजूने लागला, परंतु तो कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर. असे करार मुळात न्याय्य आहेत की नाहीत याला न्यायमूर्तींनी हात लावला नाही. त्यासाठी 1948 साल उजाडावे लागले, तेव्हा सेंट लुइसहून आलेल्या शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत, असे ठरले. हॅन्सबेरी त्याच्या दोन वर्षे आधी मरण पावले होते. विटेपासून वाचलेली ती मुलगी, लोरेन, पुढे नाटककार झाली, आणि शिकागोतील एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरखरेदीवर तिने लिहिलेले ‘अ रेझिन इन द सन’ हे नाटक 1959 साली ब्रॉडवेवर आले.

करार गेले, तोवर केंद्र सरकारने अधिक परिणामकारक साधन निर्माण करून ठेवले होते. 1934 साली स्थापन झालेल्या गृहनिर्माण प्रशासनाने घरासाठी दिलेल्या गहाणकर्जाला सरकारी हमी देण्यास प्रारंभ केला, आणि त्यामुळे अल्प व्याजाने, दीर्घ मुदतीने घर घेणे सामान्य गोऱ्या कामगाराला प्रथमच शक्य झाले. अमेरिकेतील मध्यमवर्गाची संपत्ती म्हणून जी आपण पाहतो तिचा फार मोठा भाग या हमीतून उभा राहिलेला आहे. परंतु कृष्णवर्णीयांच्या वस्तीला, आणि ज्या वस्तीत त्यांचा शिरकाव होऊ लागला आहे तिलाही, ही हमी नाकारण्याचे धोरण प्रशासनाच्या लेखी नियमावलीतच होते. सरकारी गृहकर्ज मंडळाच्या नकाशांवर अशा वस्त्या तांबड्या रंगाने रंगवल्या गेल्या. डॉक्टर असो, टपाल कारकून असो, तांबड्या रंगातील कृष्णवर्णीयाला बँक दारात उभी करीत नसे.

मग त्याने घर कसे घ्यावे? येथे जो व्यवहार सुरू झाला तो मला त्या सर्व इतिहासातील अत्यंत क्रूर भाग वाटतो, आणि आपल्या आक्षेपकांच्या डोळ्यांना जे ‘उजाडपण’ दिसते त्याचे मूळ बरेचसे येथे आहे. दलाल प्रथम गोऱ्या गल्लीत घबराट उत्पन्न करी. एखाद्या कृष्णवर्णीय स्त्रीला पैसे देऊन बाबागाडी ढकलीत त्या गल्लीतून फिरवावयाचे, नंतर घरोघरी दूरध्वनी करून ‘ते’ येत आहेत, भाव कोसळण्यापूर्वी विका, असे सांगावयाचे, ही पद्धत अशा दलालांनी पुढे स्वतःच छापून कबूल केली आहे. घाबरलेल्या मालकाकडून घर स्वस्तात घेतले, की तेच दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबाला ‘हप्त्यांच्या करारा’वर विकावयाचे. या करारात खरेदीखत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत विक्रेत्याच्याच नावे राही. घरपट्टी, विमा, दुरुस्ती सारे खरेदीदाराच्या माथी. आणि एक हप्ता चुकला तर घर गेले, भरलेली सर्व रक्कमही गेली, आणि तेच घर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला विकावयास दलाल मोकळा. मिसिसिपीहून आलेल्या एका गृहस्थाने 1961 साली नॉर्थ लॉन्डेल भागात 27,500 डॉलरला घर घेतले; विक्रेत्याने ते सहाच महिन्यांपूर्वी 12,000 डॉलरला घेतलेले होते. असली उदाहरणे अपवादात्मक नव्हती. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका विद्यापीठीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की 1950 ते 1970 या काळात शिकागोत कृष्णवर्णीयांनी विकत घेतलेल्या घरांपैकी 75 ते 95 टक्के घरे अशाच करारांवर घेतली गेली, आणि या मार्गाने त्यांच्या खिशातून आजच्या मोलाने 3 ते 4 अब्ज डॉलर काढून घेतले गेले.

आता या हप्त्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची कल्पना करा. नवरा दिवसपाळी करून रात्रपाळीला जातो, बायकोही कामावर असते, मुलांकडे पाहावयास घरी कोणी नाही. हप्ता चुकू नये म्हणून दोन खोल्या पोटभाड्याने दिल्या आहेत, त्यामुळे घरात दाटी झाली आहे. छपराची दुरुस्ती यंदा नको, पुढल्या वर्षी पाहू, असे तीन वर्षे चालले आहे. अशी शंभर घरे ज्या गल्लीत आहेत ती गल्ली दहा वर्षांत कशी दिसेल? शाळेत दोन पाळ्या लागतील, जिने मोडकळीस येतील, पोरे रस्त्यावर राहतील. मोटारीच्या काचेतून हे दृश्य पाहून जाणारा प्रवासी ‘यांना घर राखता येत नाही’ असा शेरा मारतो, तेव्हा ज्या कुटुंबाने घर राखण्यासाठीच आपले आयुष्य झिजवले त्याची तो मानहानी करतो. आणि ही माणसे सोसून गप्पही बसली नाहीत. 1968 साली नॉर्थ लॉन्डेलच्या खरेदीदारांनी संघ स्थापन केला, शिकागो ज्यात येते त्या कुक कौंटीच्या नोंदणी दप्तरातून एकेका घराची पूर्वीची किंमत शोधून काढली, हप्ते रोखून धरले, बेदखल केलेल्यांचे सामान पुन्हा उचलून घरात नेले, आणि शेकडो करारांच्या अटी बदलून घेतल्या. याला आळस म्हणावयाचे असेल तर उद्योग कशाला म्हणतात?

सरकारी चाळींविषयीही असाच अपसमज आहे. स्टेट स्ट्रीटवर दोन मैलांच्या पट्ट्यात 1962 साली उभ्या राहिलेल्या, सोळा सोळा मजल्यांच्या 28 इमारतींच्या ‘रॉबर्ट टेलर होम्स’ या वसाहतीचे नाव आमच्या मंडळींना तेथील गुन्ह्यांमुळे माहीत असते. ज्या रॉबर्ट टेलर यांचे नाव तिला दिले ते शहराच्या गृहनिर्माण संस्थेचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष होते, आणि त्यांनी 1950 साली राजीनामा दिला तो नेमका अशाच रचनेला विरोध म्हणून, हे मात्र सांगितले जात नाही. गरिबांची घरे शहरभर, गोऱ्या वॉर्डांतही, थोडी थोडी बांधावीत हे त्यांचे म्हणणे नगरसेवकांनी फेटाळले. सुमारे 27 हजार गरीब माणसे, त्यांतील बहुसंख्य मुले, एका रांगेत उंच कोंडून ठेवली गेली, आणि त्यांच्या पश्चिमेस चौदा पदरी महामार्ग आखून हद्द आणखी पक्की केली गेली. लिफ्ट बंद पडल्या तरी वेळेवर दुरुस्त झाल्या नाहीत. शेवटची इमारत 2007 साली पाडण्यात आली.

राहिला तो ‘इतर आले आणि वर गेले’ हा मुद्दा, आणि तो आपल्याला अधिक लागू असल्यामुळे त्याचा परामर्श घेणे प्राप्त आहे. झेक लोक पिल्सनमध्ये राहत होते, हे खरे; पण पैसा हाती येताच ते तेथून उठून शेजारच्या सिसेरो गावात घरे घेऊ शकले, कोणी अडवले नाही. त्याच सिसेरोत 1951 साली हार्वी क्लार्क नावाचा, महायुद्धात सैनिक म्हणून गेलेला, पदवीधर कृष्णवर्णीय भाड्याने राहावयास आला, तेव्हा चार हजारांच्या जमावाने त्या इमारतीची नासधूस केली, सामान खिडक्यांतून फेकून पेटवले, आणि राज्यपालांना सैन्य बोलवावे लागले. ग्रँड ज्यूरीने प्रथम आरोप ठेवले ते कोणावर? इमारतीच्या मालकिणीवर, भाड्याचा व्यवहार करणाऱ्या दलालावर आणि क्लार्क यांच्या वकिलावर! दोन्ही माणसे एकाच गावाच्या दारात गेली होती. एकाला दार उघडे होते, दुसऱ्यासाठी जमाव उभा होता. कष्टांची तुलना करणाऱ्याने आधी दारांची तुलना करावी.

आणि आम्ही? 1923 साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य गोरा नाही, सबब त्याला नागरिकत्व मिळणार नाही, असा निवाडा दिला होता. जिथे ‘केवळ कॉकेशियन’ असे निर्बंध होते तिथे आपलाही प्रवेश तितकाच निषिद्ध होता. मुंबई-पुण्याचे अभियंते व डॉक्टर शिकागोला जाऊ शकले ते 1965 च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने निर्माण केलेल्या वातावरणातच संमत झाला. घरविक्रीत वर्णभेद करणे बेकायदा ठरवणारा कायदा 11 एप्रिल 1968 रोजी झाला, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात. हेच किंग 1966 च्या जानेवारीत नॉर्थ लॉन्डेलमधील एका पडक्या चाळीत बिऱ्हाड करून राहिले होते, आणि घरांच्या हक्कासाठी मार्क्वेट पार्कमध्ये मोर्चा नेला असता त्यांच्या डोक्यात दगड बसला होता. 1969 साली शिकागोत महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले, पुढे डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर साड्यांची व किराण्याची दुकाने ओळीने उघडली, आपल्या लोकांनी नेपरव्हिल-शॉमबर्गकडे बंगले घेतले. ज्या कायद्याच्या आधारे दलालाला आपल्यासमोर दार लावता आले नाही, तो कायदा दक्षिण व पश्चिम शिकागोच्या लोकांनी रक्त सांडून मिळवलेला आहे. त्यांच्याच वस्तीविषयी आपण पाहुण्याला तुच्छतेने सांगतो, ही कृतघ्नता आहे. दुसरा सौम्य शब्द मला सापडत नाही.

गुन्हेगारीचा प्रश्न मी टाळीत नाही. तेथे पिस्तुलाच्या गोळीने कोवळी मुले मरतात आणि त्या मुलांच्या आयांइतके हे दुःख कोणालाच ठाऊक नाही. परंतु 1971 पर्यंत कत्तलखाने बंद झाले, 1980 च्या मार्चमध्ये विस्कॉन्सिन स्टीलचे दरवाजे तीन हजारांहून अधिक कामगारांवर एका दिवसात लागले, 1992 मध्ये साउथ वर्क्स हा पोलाद कारखानाही थंडावला, 2013 साली सुमारे 50 सरकारी शाळा एकदम बंद करण्यात आल्या आणि त्या बहुतांशी याच भागांतल्या होत्या. गिरणगावात संपानंतर काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी तरी काम गेलेल्या वस्तीतील तरुणांच्या वाताहतीला जन्मजात दोष म्हणू नये. परिणाम असा, की 1980 च्या सुमारास 12 लाखांच्या घरात असलेली शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या 2020 मध्ये 8 लाखांच्याही खाली आली. माणसे शहर सोडून जात आहेत.

आणि इतके सोसूनही त्या हद्दीत जे घडले ते पाहावयास आपले प्रवासी जात नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. 33 व्या रस्त्यावर, अ‍ॅडलर व सलिव्हन या वास्तुशिल्पींनी ज्यूंसाठी बांधलेल्या आणि 1922 मध्ये पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च झालेल्या वास्तूत टॉमस डॉर्सी यांनी ब्लूजची चाल आणि ईश्वरभक्ती यांचा जो संगम घडवला, त्यातून ‘गॉस्पेल’ संगीताचा प्रवाह जगभर गेला. मिसिसिपीच्या कापूसमळ्यातून 1943 साली आलेल्या मडी वॉटर्स यांनी शहराच्या गोंगाटावर मात करण्यासाठी गिटारला वीज जोडली, आणि पुढच्या साऱ्या रॉक संगीताची भाषा बदलली. 1891 साली डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी काढलेल्या प्रॉव्हिडंट रुग्णालयात सर्व वर्णांचे डॉक्टर व परिचारिका एकत्र काम करीत. 48 व्या रस्त्यावरील हॉल ग्रंथालयात व्हिव्हियन हार्श या ग्रंथपाल बाईंनी आपल्या समाजाच्या इतिहासाचा एकेक कागद जमवून संग्रह उभा केला. ब्राँझव्हिल नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पट्ट्यातील कोंदट खोल्यांतल्या जिण्यावर कविता लिहिणाऱ्या ग्वेंडोलिन ब्रुक्स यांना 1950 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती होत. ‘तिथे शेजारधर्म नाही’ असे म्हणणाऱ्यांनी चॅटम किंवा पार्क मॅनर भागातील एखाद्या गल्लीच्या तोंडाशी थांबून तेथील पाटी वाचावी. गल्लीतील रहिवाशांच्या मंडळाची ती पाटी असते. वर स्वागताचा मजकूर. खाली नियम, की मोठ्याने संगीत लावू नये, रस्त्यावर मोटारी धुऊ अगर दुरुस्त करू नयेत, हिरवळीवर चेंडू खेळू नये, मुले खेळत आहेत तरी वाहन सावकाश हाकावे. ती कोणा सरकारी खात्याने लावलेली नाही; गल्लीतल्या माणसांनी वर्गणी काढून लावलेली आहे, आणि तिच्यामागे विटांच्या बुटक्या बंगल्यांची, कापलेल्या हिरवळीची ओळ आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी निघणारी, 1929 पासून चालत आलेली बड बिलिकनची मिरवणूक पाहण्यास आजी-आजोबा, नातवंडे, शाळांची वाद्यपथके, सारी दक्षिण बाजू रस्त्यावर येते.

जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना अर्पण केला, तेव्हा समुद्रापलीकडच्या त्या अन्यायाचे आणि आपल्या गावकुसाचे नाते त्यांनी ओळखले होते. 1972 साली मुंबईतील तरुणांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या पँथर चळवळीवरून आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, त्यांनीही ते ओळखले होते. महारवाडा गावाबाहेर होता तो तेथील लोकांच्या आवडीमुळे, असे आज कोणी विचारी मराठी मनुष्य छापील मजकुरात म्हणू धजणार नाही. मग शिकागोविषयी ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तिथे राहणाऱ्या आणि तिथून लिहिणाऱ्या माझ्या बांधवांना माझी विनंती आहे, की हा आरोप पुन्हा उच्चारण्यापूर्वी त्यांनी आपल्या कौंटीच्या नोंदणी कचेरीत जाऊन आपण राहतो त्या उपनगरातील एखाद्या जुन्या वसाहतीची खरेदीखते व त्यांना जोडलेले निर्बंध मागून वाचावेत. ती दप्तरे सर्वांना खुली आहेत.